प्रपोजल करताय? मग चौघं तरी हवेतच

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, मालकांनी 'सॉफ्टवेअरचं एक प्रपोजल देऊन ठेवा' म्हटलं की आधी व्हॉट्सॲप ग्रुप काढा. फाउंड्रीत जाऊन यायचं मात्र मनातसुद्धा आणू नका. टिळकवाडीचं तिसरं गेट ओलांडलं की आलीच ती, पण तिथं गेलात तर भट्टीजवळचा सुपरवायझर खरी अडचण सांगून टाकेल, आणि मग तिच्यावर काम करावं लागेल.

कामाची वाटणी झटपट उरका. एकानं 'आमच्याविषयी' लिहावं, एकानं 'व्हिजन', तिसऱ्यानं स्लाइडचे रंग ठरवावेत. दर काढायचं काम त्या दिवशी जो मीटिंगला आला नाही त्याच्यावर टाकावं. रंगांवर दोन संध्याकाळी भांडण झालंच पाहिजे. त्याशिवाय टीमवर्क दिसत नाही.

आता मजकूर. नव्यानं कशाला लिहिताय? मागच्या वर्षी कोल्हापूरच्या कारखान्याला दिलेलं आहे की. नाव बदला, लोगो बदला, झालं. फक्त शेवटच्या पानापर्यंत जाऊ नका. तिथं कोगनोळीच्या सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकासाठी लावलेला आंतरराज्य व्यवहाराचा आयजीएसटी १८ टक्के तसाच बसलेला असतो. तुमचं ऑफिस बेळगावात, क्लायंट बेळगावात, म्हणजे व्यवहार एकाच राज्यातला, त्याला सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ हवा. बेरीज तीच येते हो, पण सीमाप्रश्नावर जन्मभर बोलणाऱ्या माणसांनी आपल्याच कोटेशनमध्ये उद्यमबाग महाराष्ट्रात घालावी, याला वेगळीच हिंमत लागते.

सादरीकरणाला चौघंही जा. कुंद्याचा डबा नेऊ नका. तो पुण्याच्या क्लायंटला, इथल्याला काय त्याचं! पहिल्या वीस स्लाइड 'डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन'वर ठेवा आणि प्रत्येक ओळ वाचून दाखवा, मालकांना वाचता येत नाही असं धरून. एक बोलत असताना बाकीच्या तिघांनी मोबाइल बघावा.

मध्येच मालक विचारतील, "ओतलेल्या मालात ब्लो होल, हवेचं भोक, निघालं म्हणून माल परत आला, तर त्या खेपेचा हीट नंबर टाकून त्या दिवशीची वाळू, मेल्टिंग, शिफ्टला कोण होतं, ते दिसणार काय? आणि आमची पोरं रजिस्टर कन्नडमध्ये भरतात, स्क्रीन कन्नडमध्ये येईल की नाही?"

फाउंड्रीला हवं होतं ते एवढंच. गोंधळू नका. एकमेकांकडे बघा आणि 'ते फेज टूमध्ये आहे' म्हणा, चौघांनी एकदम. मग ते दर विचारतील. दरवाल्यालाही ते आठवणार नाहीत, म्हणून शेवटचं पान उघडावं लागेल. चष्मा वर करून मालक म्हणतील, "हे आयजीएसटी कसलं हो?"

व्हर्जन चुकीचं आलंय, संध्याकाळी मेल करतो, असं सांगा. कुठल्या दिवसाची संध्याकाळ ते मात्र बोलू नका.