शिकागो ‘खरं शहर’ आणि एलए ‘पसरलेलं उपनगर’? थांबा जरा

दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक संदेश फिरून येतो. पाठवणारा बदलतो, मजकूर तोच. ‘अमेरिकेत खरी शहरं दोनच, न्यूयॉर्क आणि शिकागो. लॉस एंजेलिस म्हणजे शहराची पाटी लावलेलं उपनगर.’ खाली पाच मुद्दे: वस्ती विरळ, मध्य नाही, उंच इमारती नाहीत, सगळं मोटारींसाठी बांधलेलं, आणि रस्त्यावर चालणारा माणूस दिसत नाही. या वेळी तो आमच्या आतेभावाने पाठवला, म्हणून उत्तर देणं भाग पडलं. मी शिकागोत चार वर्षं काढली आणि त्यानंतर लॉस एंजेलिसला, म्हणजे एलएत आलो, व्हर्मांट अव्हेन्यूच्या पट्ट्यात. शिकागोशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते या पाच मुद्द्यांशी, आणि त्यातला एक मला शेवटी अर्धा मान्यही करावा लागणार आहे.

पहिला मुद्दा, विरळ वस्ती. इथे आधी विचारायचं, हद्द कुठली धरलीत? महापालिकेची हद्द धरली तर संदेशकर्ता जिंकतो. २०२० च्या जनगणनेत शिकागोत २७ लाख ४६ हजार माणसं, सुमारे २२८ चौरस मैलांत. म्हणजे चौरस मैलाला साधारण १२ हजार. एलएत ३८ लाख ९९ हजार माणसं, पण जमीन ४७० चौरस मैल. म्हणजे मैलाला ८,३०० च्या आसपास. झालं?

नाही झालं. एलएची हद्द नकाशावर एकदा बघा. तिच्या पोटात सांता मोनिका डोंगरांची रांग आहे, चार हजारांहून जास्त एकरांचं ग्रिफिथ पार्क आहे. दक्षिणेला बंदरापर्यंत पोचायचं म्हणून १९०६ मध्ये जोडून घेतलेली, चपलेच्या बंदासारखी लांबलचक चिंचोळी पट्टी आहे. उत्तरेच्या सॅन फर्नांडो व्हॅलीचा बहुतेक भाग १९१५ मध्ये आत आला, कारण १९१३ च्या कालव्याचं पाणी हवं तर शहरात सामील होणं भाग होतं. उलट सांता मोनिका, बेव्हर्ली हिल्स, वेस्ट हॉलिवूड ही ठिकाणं शहराच्या कुशीत असून कागदोपत्री वेगळी शहरं. काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, एलए धरून एकूण ८८ शहरं आहेत. आम्ही ज्या पायोनियर बुलेव्हार्डवर डोसा खायला आणि पूजेचं सामान आणायला जातो तो आर्टेशियात, म्हणजे तोही ‘एलए’त नाही. शिकागोतली तशीच देशी दुकानांची डेव्हन अव्हेन्यू मात्र शिकागोच्याच हद्दीत मोजली जाते.

म्हणून जनगणना खातं दुसरा एक हिशेब करतं. हद्दी विसरा, सलग बांधलेला भाग जिथवर जातो तिथवरचं सगळं एक धरा. त्या हिशेबात २०२० मध्ये लॉस एंजेलिस–लाँग बीच–अनाहाइम पट्ट्यात १ कोटी २२ लाख माणसं सुमारे १,६३७ चौरस मैलांत राहत होती: मैलाला जवळजवळ साडेसात हजार. शिकागोच्या पट्ट्यात ८६ लाख ७१ हजार माणसं सुमारे २,३३८ चौरस मैलांत: मैलाला ३,७०० च्या थोडं वर. जेमतेम अर्धं. न्यूयॉर्कचा पट्टासुद्धा सहा हजारांच्या आतच राहतो. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती.

कारण सोपं आहे. शिकागोच्या पूर्वेला सरोवर, पण बाकी तिन्ही बाजूंना सपाट माळ. शहराला अडवणारं काही नाही, त्यामुळे नेपरव्हिल, शॉम्बर्ग अशी उपनगरं करत ते ऐसपैस पसरलं. एलएला एका बाजूला समुद्र, बाकीच्या बाजूंना डोंगर, आणि पाणी शेकडो मैलांवरून आणलेलं. म्हणून प्लॉट लहान, घराला घर लागून. डाउनटाऊनच्या आग्नेयेला मेवूड नावाचं एक शहर आहे, जेमतेम सव्वा चौरस मैलाचं; त्यात २५ हजार माणसं राहतात. बघायला सगळी बैठी आणि दुमजली घरं. पोस्टकार्डावर कधी न येणारं.

आतेभाऊ इथे म्हणेल की सरासरी फसवी असते. बरोबर, असते. शिकागोत सरोवराकाठचा उत्तरेकडचा पट्टा खरोखर दाट आहे आणि पाहुणा तोच बघून परत जातो. पण मग तितक्याच प्रामाणिकपणे दक्षिणेचं एंगलवूडही बघावं लागेल. १९६० मध्ये तिथे ९७ हजारांच्या वर वस्ती होती, हॅलस्टेड आणि त्रेसष्टाव्या रस्त्याच्या चौकात लूपच्या, म्हणजे शिकागोच्या मध्यवर्ती भागाच्या, खालोखाल मोठा बाजार भरायचा. २०२० मध्ये उरली २४ हजारांच्या आसपास. कारखाने गेले, कत्तलखान्यांचा मोठा तळ १९७१ मध्ये बंद झाला, काळ्या वस्त्यांना बँकांनी कर्जं नाकारली, गोरी कुटुंबं उपनगरांत निघून गेली. आज तिथे घरांच्या रांगेत पडलेल्या दातांसारखे मोकळे प्लॉट दिसतात. १९५० मध्ये शिकागोची लोकसंख्या ३६ लाख होती, एलएची २० लाखांच्या आत. नंतर एक शहर रिकामं होत गेलं आणि दुसरं भरत गेलं. ‘खऱ्या शहरा’च्या संदेशात ही ओळ कुणी घालत नाही.

दुसरा मुद्दा, मध्य नाही. एक मध्य नाही, असं म्हणा. डाउनटाऊन, विल्शर, हॉलिवूड, सेंच्युरी सिटी अशी केंद्रं विखुरलेली आहेत. फोर्ट, लोअर परळ, बीकेसी, अंधेरी अशी कचेऱ्यांची ठिकाणं वाटली गेलेल्या मुंबईला कुणी मध्य नाही म्हणून नापास करत नाही. आणि डाउनटाऊनमध्ये १९९९ च्या नियमाने जुन्या कचेऱ्यांची घरं करायला मोकळीक मिळाल्यापासून स्प्रिंग स्ट्रीटवर लोक राहायलाही लागले.

तिसरा मुद्दा, उंच इमारती. गगनचुंबी इमारत शिकागोत जन्मली असं म्हणतात, ती १८८५ ची. मान आहेच. पण एलएत १९५७ पर्यंत दीडशे फुटांच्या वर बांधायला कायद्यानेच बंदी होती. १९२८ चा सिटी हॉल तेवढा अपवाद, तोही मतदारांनी खास परवानगी दिली म्हणून. उंची नसणं हे गावंढळपणाचं लक्षण नव्हतं, ठरवून घेतलेला निर्णय होता. मला तो निर्णय फार शहाणपणाचा वाटत नाही, पण तो वेगळा विषय.

चौथा मुद्दा ऐकला की मला हसूच येतं: शहर मोटारींनी पसरवलं. एलए पसरवलं ते रेल्वेने. हेन्री हंटिंग्टनने १९०१ मध्ये पॅसिफिक इलेक्ट्रिक कंपनी काढली आणि लाल गाड्या सुरू केल्या. भरभराटीच्या काळात एक हजार मैलांहून जास्त रूळ होते. धंदा तिकिटांचा कमी, जमिनीचा जास्त: आधी लाइन टाकायची, मग दोन्ही बाजूंचे प्लॉट विकायचे. मोटार आली तेव्हा शहर आधीच पसरलेलं होतं, तिने मधल्या जागा भरल्या. शेवटची लाल गाडी १९६१ मध्ये लाँग बीचच्या मार्गावर धावली. पुढे १९९० मध्ये नवी ब्लू लाइन सुरू झाली ती त्याच लाँग बीचकडे, बरीचशी त्याच जुन्या मार्गावरून. शिकागोनेही आपल्या ट्राम १९५८ मध्ये मोडीत काढल्या. वाचली ती खांबांवरून धावणारी ‘एल’ रेल्वे. आणि मोटारींसाठी बांधायचंच बोलायचं तर डॅन रायन एक्स्प्रेसवे काही ठिकाणी चौदा लेनचा आहे. तो शिकागोत आहे, एलएत नाही.

आता पाचवा, माणूस दिसत नाही. हाच मुद्दा जरा वेळ देण्यासारखा.

संध्याकाळी सहाला मी विल्शर–व्हर्मांट स्टेशनातून वर येतो. फुटपाथवर रंगीबेरंगी छत्रीखाली फळवाला असतो. तो आंबा, काकडी, कलिंगड लांब लांब फोडी करून पिशवीत भरतो, वर लिंबू पिळतो आणि तिखट-मीठ भुरभुरवतो. कैरीवर वाढलेल्या माणसाला यात शिकण्यासारखं काही नाही, फक्त पैसे काढायचे. शेजारी तमालेची, म्हणजे मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या मेक्सिकन पदार्थाची, बादली घेऊन बसलेली बाई. बसथांब्यावर चाळीस-पन्नास माणसं, हातात किराणा, पाठीवर झोपलेली मुलं. इथे रेल्वेपेक्षा बसचे प्रवासी कितीतरी जास्त, आणि बसमधले लोक ग्रुपवर संदेश पाठवणाऱ्यांच्या ओळखीत सहसा नसतात. थर्ड स्ट्रीटला वळलं की कोरियन पाट्यांमध्ये अचानक बांगला अक्षरं, कारण तो तुकडा २०१० पासून अधिकृतपणे ‘लिटल बांगलादेश’ आहे. ‘माणूस दिसत नाही’ याचा बऱ्याचदा अर्थ एवढाच की गाडीच्या काचेतून दिसला नाही.

तरीही आतेभावाला जे जाणवलं ते खोटं नाही, आणि त्याचं कारण माणसांत नाही, इमारतीच्या पुढच्या बाजूत आहे. शिकागोत घरांच्या मागून गल्ली जाते. शहरभर मिळून अशा सुमारे १,९०० मैल गल्ल्या आहेत. कचऱ्याचे डबे मागे, गॅरेज मागे, विजेच्या तारा मागे. आपल्याकडच्या घरगल्लीसारखंच, फक्त ट्रक जाईल इतकं रुंद. त्यामुळे पुढचा फुटपाथ सलग राहतो आणि घराचं दार थेट त्यावर उघडतं. एलएच्या बऱ्याच भागांत मागे गल्लीच नाही. पन्नास-साठच्या दशकांत बांधलेल्या दुमजली अपार्टमेंटांमध्ये खाली खांब आणि त्यांच्यामध्ये गाड्या, तोंड रस्त्याकडे. चालताना दर वीस-पंचवीस पावलांवर फुटपाथ गाडीसाठी उतरतो, पुन्हा चढतो. दुकानं आहेत, पण त्यांच्यासमोर पार्किंग. दोन शहरांत वस्तीची घनता एकच असली तरी पायांना ती सारखी लागत नाही. यात शिकागो सरस आहे, निर्विवाद.

आणखी एक गोष्ट पदरात घालून टाकतो. शिकागोची रेड लाइन आणि ब्लू लाइन रात्रभर धावतात. आमच्याकडे मध्यरात्रीनंतर स्टेशनाची जाळी ओढली जाते, मग रात्रपाळीची माणसं बसची वाट बघत उभी राहतात.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. आतेभावाचं उत्तर तासाभराने आलं, कारण तो कोथिंबीर आणायला गेला होता. तो नेपरव्हिलला राहतो. गाडी काढावी लागली, असं त्यानेच लिहिलं.