आठशे कॅलरीवर बारा आठवडे, मी हे का करतेय

घरचे, ऑफिसमधले, आणि आईकडून ज्यांच्यापर्यंत बातमी पोचली ते सगळे नातेवाईक सध्या एकच विचारतायत, की हे काय नवीन काढलंयस, दिवसाला आठशे कॅलरी म्हणजे उपाशी राहणंच की. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहिते. लांब होईल, पण ज्यांना खरंच काळजी वाटतेय त्यांनी पूर्ण वाचा.

हे बारीक दिसायला नाही. मला तीन वर्षांपूर्वी टाइप टू डायबिटीस निघाला. वय ४३, उंची पाच फूट एक इंच, वजन ७१ किलो, आणि शेवटचं एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट, आलं ७.९, तेही दोन प्रकारच्या गोळ्या चालू असताना. आधी एक गोळी होती, मग एकाची दोन झाली, मग दुसरी सुरू झाली, आणि मागच्या वेळी आधीचे डॉक्टर सहज म्हणाले की पुढेमागे इन्सुलिन लागेलच, घरात हिस्टरी आहे ना. ते ज्या शांतपणे म्हणाले त्याने मी आतून हलले. कारण ती हिस्टरी म्हणजे माझे वडील आहेत.

अण्णांना चाळिशीतच शुगर लागली. सोलापूरचं घर, माणसांचा राबता, कुणी आलं की चहा, आणि गोळी घेतली की झालं असं सगळ्यांनाच वाटायचं. एकदा मंडईतून भाजी घेऊन आले, दारात चप्पल काढली, आत आले, आणि मागून आई ओरडली. फरशीवर रक्ताचे ठसे. चपलेचा खिळा वर आला होता, तो अंगठ्याखाली रुतला होता आणि अण्णा मंडईपासून घरापर्यंत त्याच्यावर चालत आले होते, त्यांना काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं. पाय बघायला खाली वाकले तेव्हाही चेहऱ्यावर दुखल्याचं काही नाही, नुसतं आश्चर्य. ती जखम भरलीच नाही. आधी अंगठा काढला, मग आणखी दोन बोटं, मग गुडघ्याखाली पाय. शेवटची वर्षं किडनीने घेतली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि आई दर वेळी डबा घेऊन बाहेरच्या बाकड्यावर. आत्याचंही तसंच, तिच्या डोळ्याच्या पडद्याला लेझर करून झालं तरी एका डोळ्याने आता फक्त उजेड-अंधार कळतो.

आणि या सगळ्याला आमच्या घरात काय म्हणतात, तर "आपल्याकडे शुगर आहेच". पाय गेला, शुगर होती. डोळा गेला, शुगर होती. हे सगळ्यांना चालतं, हे आपलंच नशीब म्हणून मान्य होतं, आणि बारा आठवडे पावडर आणि भाज्यांवर राहते म्हटलं की तेच लोक म्हणतात की हे फार टोकाचं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की टोकाचं काय ते आपण उलटं धरून बसलोय. पाय कापणं टोकाचं आहे. दर एक दिवसाआड चार-चार तास मशीनला जोडून बसणं टोकाचं आहे. तीन महिने कमी खाणं अवघड आहे, हे मी मान्य करते, पण अवघड आणि टोकाचं यात फरक आहे.

आता हे खूळ कुठून आलं ते सांगते. मी दुसरं मत घ्यायला ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी पहिल्यांदा मला सांगितलं की सुरुवातीच्या काही वर्षांत टाइप टू मागे फिरू शकतो. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे प्रोफेसर रॉय टेलर यांनी २०११ मध्ये अकरा पेशंटना आठ आठवडे दिवसाला फक्त ६०० कॅलरी दिल्या, आणि आठवड्याभरातच त्यांची उपाशीपोटीची शुगर नॉर्मल झाली, वजन तेव्हा फार उतरलंही नव्हतं. कारण असं की जास्तीचं खाणं वर्षानुवर्षं चरबी होऊन लिव्हरमध्ये साठतं, मग लिव्हर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि आपण झोपलेलो असतानाही साखर सोडत राहतं, आणि तीच चरबी पुढे स्वादुपिंडात जाऊन इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना सुस्त करते. खाणं एकदम कमी केलं की शरीर पहिल्यांदा ही लिव्हरमधली चरबी काढून वापरतं. म्हणून उपाशीपोटीची शुगर इतक्या लवकर खाली येते.

त्याच्यानंतर टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांनी मोठा अभ्यास केला, डायरेक्ट ट्रायल नावाचा, त्याचे निकाल २०१७ च्या डिसेंबरमध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. डायबिटीस होऊन सहा वर्षांच्या आतले लोक, रोज साधारण ८२५ ते ८५३ कॅलरी, तीन ते पाच महिने, मग हळूहळू जेवण परत सुरू. वर्षानंतर ४६ टक्के लोकांची शुगर एकही गोळी न घेता डायबिटीसच्या रेषेखाली होती. ज्यांचं १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरलं त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के. दोन वर्षांनी एकूण आकडा ३६ टक्क्यांवर आला, कारण वजन परत चढलं की शुगरही परत येते, हे मी लपवत नाही. पण अण्णांना कुणी शंभरातले छत्तीस एवढी जरी आशा दाखवली असती ना, तर आईने त्यांना हाताला धरून नेलं असतं.

सहा वर्षांच्या आतले, हा भाग मी परत परत वाचला. माझी तीन झालीत. स्वादुपिंडातल्या पेशी फार वर्षं दबून राहिल्या तर परत उभ्या राहायची शक्यता कमी होत जाते. म्हणजे मला वेळ आहे पण अमर्याद नाहीये. मुलीची दहावी होऊ दे, मग दिराचं घर होऊ दे, मग करू, असं म्हणत राहिले तर ते दार बंद होईल, आणि नंतर कितीही मनापासून केलं तरी उपयोग होईलच असं नाही. यावर्षी करण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे.

"पण तू कुठे एवढी जाड आहेस", हे मला सगळ्यात जास्त ऐकवलं जातंय, आणि प्रेमानेच म्हणतायत हे कळतं मला. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो आहे, २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापलेला, ते स्वतः आणि लंडनचे डॉ. युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१. आपण भारतीय माणसं वरून साधी दिसतो आणि चरबी आत पोटात, लिव्हरभोवती बाळगतो. म्हणून तर आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. माझा २९ च्या पुढे आहे आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर लिहून आलंय. टेलर यांनीच पुढे साधारण नॉर्मल वजनाच्या वीस डायबिटीसवाल्यांवर असाच प्रयोग केला, त्यातले चौदा जण गोळ्यांशिवाय बरे राहिले, आणि त्यासाठी त्यांना वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपासच घट पुरली. ग्लासगोत दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांवरही छोटा अभ्यास झालाय, निकाल त्याच दिशेचे आहेत. म्हणजे हे फक्त गोऱ्या लोकांचं आहे असंही नाही.

दुसरा प्रश्न, हळूहळू का नाही, १५०० कॅलरी घे, चालायला जा. मी गेली तीन वर्षं तेच करतेय हो. नवरात्रात जोरात, दिवाळीत बंद, जानेवारीत परत जोरात, मार्च एंडिंगला ऑफिसात रात्री उशीर आणि समोर जे येईल ते पोटात. हळूहळूमध्ये रोज ठरवावं लागतं, आज अर्धी भाकरी का एक, ताटात शेंगाचटणी किती, आणि ते ठरवण्यातच माझा जीव जातो. इथे काही ठरवायचंच नाहीये. आणि झटकन उतरवलेलं वजन झटकन परत येतं हे आपण सगळेच ऐकत आलोय, पण २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात २०० च्या वर लोकांवर हे तपासलं, काहींनी १२ आठवड्यांत वजन उतरवलं, काहींनी ३६ आठवड्यांत, आणि तीन वर्षांच्या आसपास दोन्ही गटांत परत आलेलं वजन जवळपास सारखंच होतं. टिकवणं दोघांनाही अवघडच गेलं. म्हणून माझी खरी परीक्षा बारा आठवड्यांनंतर आहे हे मला माहितीये, आणि डॉक्टरांनी पुढच्या वर्षभराच्या तारखा आत्ताच दिल्यात.

खाणार काय ते सांगते. दिवसातून तीनदा जेवणाऐवजी घ्यायची पावडर, साधारण दोनशे कॅलरीची एक, ज्यात प्रोटीन, व्हिटॅमिन, मिनरल सगळं मोजून घातलेलं असतं. जिमवाल्यांच्या दुकानातली प्रोटीन पावडर नव्हे, ती वेगळी. उरलेल्या दोनशेत भाज्या, दुधी, दोडका, पडवळ, कोबी, मेथी, काकडी, भरपूर, पण बटाटा-रताळं नाही. दोन-अडीच लिटर पाणी, आणि इसबगोल, कारण बद्धकोष्ठ होतं. भाजीला तेल एक छोटा चमचा, म्हणजे चाळीसेक कॅलरी. आत्तापर्यंत मी कढईत डब्यातून पळीने तेल ओतायचे, परवा ते एकदा मापाने मोजून बघितलं तर एका भाजीत चार मोठे चमचे, साडेचारशे-पाचशे कॅलरी नुसती फोडणी. स्वयंपाक मीच करणार आहे, घरातल्यांची भाकरी-आमटी नेहमीसारखीच होणार, फक्त मीठ-तिखट चाखायचं काम मुलीकडे दिलंय.

मुलीचं मात्र मला खरंच टेन्शन होतं. ती पंधरा वर्षांची आहे, वर्गातल्या मुली आत्ताच डबा अर्धा टाकून देतात, आणि आईला न जेवता राहताना बघून ती काय शिकेल हा विचार करून मी महिनाभर हे पुढे ढकललं. मग तिला समोर बसवलं, माझे रिपोर्ट दाखवले, आजोबांचा पाय तिला आठवतो. सांगितलं की हे औषध आहे, माझ्या आजाराचं, जशी तुझ्या दम्याच्या पंपाची मात्रा मी घेत नाही तसं हे तू घ्यायचं नाही, तुझ्या वाढत्या अंगाला पोटभर जेवण हेच औषध. तिने एकच विचारलं, "तुला चक्कर आली तर मी कुणाला फोन करू?" फ्रिजवर नंबर लिहून ठेवलाय. वजनकाटा आमच्या बेडरूममधल्या कपाटात, आणि घरात कुणीही कुणाच्याही वजनावर बोलायचं नाही असं ठरलंय, आजीनेसुद्धा.

आणि आता जे मी हात जोडून सांगतेय ते नीट वाचा. ही पोस्ट वाचून कुणीही आपापलं सुरू करू नका. ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी चालू ठेवून इतकं कमी खाल्लं तर शुगर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो, माझी ती गोळी डॉक्टर पहिल्याच दिवशी बंद करणारेत. डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीवाटे साखर बाहेर काढणाऱ्या गोळ्यांवर असताना शुगर नॉर्मल दिसत असूनही रक्तात आम्ल वाढायचा धोका असतो. बीपीची गोळी असेल तर बीपी फार उतरतं. वजन भरभर उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात, युरिक ॲसिड वाढतं, केस गळतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत नुसतं लिक्विड प्रोटीन पिऊन वजन उतरवायची लाट आली होती, त्यात माणसं दगावलीत, हृदयाचे ठोके बिघडून. टाइप वनवाले, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका, किडनीचा त्रास असलेले, कधी खाण्याचा मानसिक आजार झालेले, आणि वाढत्या वयाची मुलं, यांनी तर विचारही करू नये. आणि ज्यांना शुगर वगैरे काही नाही, फक्त चार किलो उतरवायचेत, त्यांना याची गरजच नाहीये.

माझं ईसीजी, किडनी, लिव्हर, युरिक ॲसिड, पित्ताशयाची सोनोग्राफी सगळं करून झालंय. पहिले दोन आठवडे घरी रोज सकाळी बोटाला टोचून शुगर बघायची आणि डॉक्टरांना पाठवायची, त्यानंतर दर आठवड्याला दाखवायला जायचं. पहिलं ध्येय दहा-बारा किलोचं आहे. पावडर स्वस्त नाही, ते मान्य, पण घरातल्या डायलिसिसचा खर्च मी बघितलाय.

देवदिवाळी झाली की सोमवारी सुरू करतेय, म्हणजे संक्रांत मधेच येते. हळदीकुंकवाला मी सगळीकडे येणार, तिळगूळ घेणार, पदराला बांधून घरी आणणार, मुलगी खाईल. तेव्हा "एका लाडवाने काय होतंय" असं कृपा करून कुणी म्हणू नका, विशेषतः मामी आणि वन्सं, तुमचा आग्रह मोडणं मला सगळ्यात जड जातं. वहिनी, पौषानंतरच्या तुमच्या भाचीच्या लग्नालाही मी नक्की येतेय, आदल्या दिवसापासून कामाला. पंगतीत वाढायला मला ठेवा. माझा शेकर, पावडर कालवायची बाटली, माझ्या पिशवीत असेल, गरम पाण्याची तेवढी सोय बघा.