“वेळेला काय चोराची आरती ओवाळायची?” – एका प्रतिक्रियेला उत्तर

‘पहिलं पिस्तूल घरात आल्यावरचे सहा महिने’ या माझ्या लेखावर परवा रात्री एक लांबलचक प्रतिक्रिया आली. खाली नाव नाही, नुसती आद्याक्षरं. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं की नव्या परवानाधारकाने पिस्तूल एका कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात ठेवावीत, रोज दहा मिनिटं रिकाम्या पिस्तुलावर हात बसवावा आणि पहिले सहा महिने ते कमरेला लावून हिंडू नये. त्यावर या गृहस्थांनी लिहिलंय: “मास्तरीणबाई, शाळेतले धडे शाळेत द्या. पिस्तूल एका कपाटात, काडतुसं दुसऱ्या कपाटात, मग वेळेला काय चोराची आरती ओवाळायची? घाबरणाऱ्यांनी परवाना घेऊच नये.” त्याखाली परवान्याच्या मुदतीबद्दलची माझी एक चूक, सरावाला काडतुसं मिळत नाहीत ही तक्रार, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र म्हणजे नुसता कागद आणि नेमबाजीच्या रेंजवरच्या खेळाडूंना घरातलं काय कळतं, असे आणखी चार मुद्दे.

चूक आधी कबूल करते. परवान्याची मुदत मी तीन वर्षं लिहिली होती. शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून ती पाच वर्षं आहे. त्याच दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं राहू शकतात, ते मी बरोबर दिलं होतं. लेखात बदल केला आहे. लक्षात आणून दिलंत, आभारी आहे.

आता ‘मास्तरीणबाई’. मी २६ वर्षं हायस्कूलात शिकवलं, त्यातली १४ वर्षं शाळेच्या एनसीसीची अधिकारी होते. मास्तरीण या शब्दाची मला लाज वाटत नाही. पण आपण तो ज्या चालीवर लिहिलात ती चाल मी ओळखते. हाच लेख एखाद्या निवृत्त सुभेदारांनी लिहिला असता, तर आपण त्यांना ‘मास्तर’ म्हणाला असतात का? ‘साहेब’ म्हणाला असतात, आणि कुलपाचा मुद्दा निमूट ऐकून घेतला असतात. बाईने पिस्तुलाबद्दल लिहिलं की ते घाबरटपणाचं ठरतं, हे मी परवान्याच्या अर्जापासून ऐकत आले आहे. कचेरीतसुद्धा मला विचारलं होतं, “घरात पुरुषमाणूस कोणी नाही का?”

आणि ती आरती. मला लागलं ते या शब्दाने. का, ते सांगते.

आमचा पेट्रोल पंप हायवेला लागून. रोजची रोकड बँकेत न्यायची म्हणून ह्यांनी .३२ पिस्तुलाचा परवाना काढला होता. नऊ वर्षं वापरलेला, सावध माणूस. दारूचा थेंब नाही, कधी लग्नात हवेत बार काढला नाही. २०११ चा दसरा. देवघरापुढे पाटावर लाल कापड, त्यावर विळा, कोयता, सासऱ्यांची जुनी तलवार, झेंडूची फुलं आणि आपट्याची पानं. ह्यांनी कपाटातून पिस्तूल आणलं. आधी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढली. चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या मागच्या खणात बसलेलं, काडतूस टणकन फरशीवर पडलं, ते उचलून खिशात टाकलं. मग मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची पेटी, काढलं. मग पूजेला मांडायचं म्हणून ताणलेला घोडा, म्हणजे गोळी उडवायला मार देणारा भाग, खाली आणायला नळी पाटाकडे धरून चाप ओढला.

गोळी पाटातून आरपार गेली. खालची शहाबादी फुटली आणि तिचा एक कपचा सासूबाईंच्या नडगीत घुसला. माझा अकरा वर्षांचा पुतण्या निरांजन घेऊन पाटापासून दोन हातांवर उभा होता. आरतीसाठीच. त्याच्या हातातलं तबक पडलं आणि तो कितीतरी वेळ कानांवर हात दाबून तसाच उभा राहिला. घरभर बारुदाचा आणि कापराचा एकत्र वास होता. आम्ही स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन घडलं ते सांगितलं. तो पाट अजून माळ्यावर आहे, भोकात करंगळी जाते.

चूक कुठे झाली ते लेखात लिहिलं होतं, तुम्ही ते ‘धडे’ म्हणून सोडून दिलंत. स्लाइड आधी ओढली की आतलं काडतूस बाहेर पडतं खरं, पण स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये घेऊन येते. त्यानंतर मॅगझिन काढलं तरी एक आत राहतंच. आणि बाहेर पडलेलं काडतूस डोळ्यांनी बघितलेलं असतं, म्हणून माणसाची खात्री पटते की आता रिकामं झालं. क्रम उलटा हवा: मॅगझिन आधी, स्लाइड नंतर, ती मागे धरून आत बघायचं, करंगळीने चाचपायचं. मी शाळेच्या पोरांना .२२ रायफलवर ‘बोल्ट उघडा, आत बघा’ हे शेकडो वेळा सांगितलं होतं. त्या दिवशी चार पावलांवर उभी होते आणि तोंड उघडलं नाही. घरातल्या पिस्तुलावर बायकोने काय बोलायचं, असं वाटलं. ते न बोलणं मला आजही टोचतं, म्हणून मी लिहिते. तुम्हाला ती मास्तरकी वाटत असेल तर वाटू द्या.

हे एकट्या आमच्या घरातलं नाही. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी गेली. कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. चोर नाही, दरोडा नाही, प्रवासाला निघायची घाई. रिव्हॉल्व्हर वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. जुन्या घडणीच्या कित्येक रिव्हॉल्व्हरांत घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये अडवणारी पट्टी नसते. ते घोड्यावर आपटलं तर बार उडू शकतो. म्हणून जुनी माणसं घोड्याखालचं काडतुसाचं घर रिकामं सोडायची. तीही घाबरट होती का?

वेळेचं म्हणाल, तर आमचे हे वारल्यावर मी माझ्या नावावर परवाना काढला आणि कपाटात भिंतीला बोल्टने आवळलेल्या दोन छोट्या लोखंडी पेट्या बसवल्या, बटणांच्या कुलपाच्या. पिस्तूल एकीत, भरलेलं मॅगझिन दुसरीत. मागच्या महिन्यात मोजलं: दिवा लावून अकरा सेकंद, अंधारात चौदा. किल्ली शोधावी लागत नाही. तेवढ्या वेळात खोलीचं दार लावायचं आणि ११२ फिरवायचा, हेही मी लेखात लिहिलं होतं. उशीखाली पिस्तूल ठेवून झोपणाऱ्याला, अर्ध्या झोपेत कोण दारात उभं आहे हे कळायलाही काही सेकंद लागतातच. आणि रात्री पाणी प्यायला उठलेला आपलाच मुलगा निघाला, तर ती गोळी परत घेता येत नाही.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. प्रमाणपत्राचं म्हणाल तर २०१६ च्या शस्त्र नियमांनी सुरक्षा प्रशिक्षण आणलं ते उगाच नाही. एखाद्या ठिकाणी नुसता कागद मिळत असेल तर तिथे जाऊ नका, नीट शिकवणाऱ्याकडे जा. काडतुसांची तक्रार मीही ऐकते, पण रिकाम्या पिस्तुलावर डमी, म्हणजे बिनदारूचं खोटं काडतूस घालून सराव करायला परवान्यावरचा काडतुसांचा आकडा आड येत नाही. खेळाडूंचं म्हणाल तर नेमबाज राही सरनोबतने २०१८ ला पालेमबांगला आशियाई सुवर्ण घेतलं, त्या खेळात पिस्तूल हातातून खाली ठेवलं की चेंबरमध्ये रंगीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे ते रिकामं असल्याची खूण, खोचावा लागतो. इतक्या मुरलेल्या हातांवरही तिथे भरवसा ठेवत नाहीत. आपल्यासारख्यांनी घरात तेवढं केलं तर कमीपणा कसला?

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, आरतीच्या ओळीसकट राहू दे. पुन्हा लिहाल तेव्हा दोनच गोष्टी कळवा: तुमच्या घरात लहान मूल आहे का, आणि आत्ता या घडीला तुमचं पिस्तूल कुठे आहे. पत्ता नको, नाव नको. तेवढं उत्तर द्या.