डबा बसवला, आता त्यातली नोंद आमच्या हातात द्या

आज डोकं भडकलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

सकाळी आमच्या मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये बोटींवरच्या ट्रान्सपॉन्डरची, म्हणजे बोट कुठे आहे ते उपग्रहावरून कळवणाऱ्या डब्याची, माहिती द्यायला एक साहेब आले होते. माहिती कसली, दमच. यंत्र बंद ठेवलंत तर कारवाई, वायर काढलीत तर कारवाई. मध्येच परवान्याची आठवण, मध्येच डिझेलच्या परताव्याची. मागच्या बाकावरून एक म्हातारे तांडेल (बोट चालवणारे म्होरके) उठले आणि म्हणाले, "साहेब, आम्ही कुठं आहोत ते तुम्हाला दिसणार. तुम्ही कुठं आहात ते आम्हाला कधी दिसणार?" हॉलमध्ये हशा पिकला. साहेबही हसले आणि म्हणाले, "काका, चोरी करत नसाल तर घाबरता कशाला?"

मी तिथेच बोलणार होते. दादाने हात दाबला, म्हणाला, आपलं काम अडेल. म्हणून इथे बोलतेय.

चोरी म्हणे. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला करणारे ते दहाजण 'कुबेर' नावाच्या पोरबंदरच्या बोटीतून आले, हे सगळ्या देशाला पाठ आहे. त्या बोटीवरचे खलाशी आणि तांडेल आधी मारले गेले, हे किती जणांना आठवतं? त्या हल्ल्यात सगळ्यात आधी मेले ते मच्छीमार. मुंबईत बधवार पार्कला त्यांची रबरी बोट लागली तेव्हा "कोण रे तुम्ही, कुठून आलात" असं हटकणारेही मच्छीमार वस्तीतलेच. त्याआधी १९९३ ला रायगडातल्या शेखाडीला मुंबईच्या बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स उतरलं, त्यात कस्टम आणि पोलिसांतली माणसं कोर्टात दोषी ठरली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरला रायफली असलेली बोट वाहत आली, तीही आधी किनाऱ्यावरच्या लोकांनीच पाहिली. पण संशय कोणावर? ओळखपत्र आम्ही दाखवायचं, बोट ठरवून दिलेल्या रंगात आम्ही रंगवायची, जाताना नोंद, येताना नोंद. बायोमेट्रिक कार्डं काढायची वेळ आली तेव्हा बाबांना घेऊन मी गेले होते. उभा जन्म दोर ओढून त्यांच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नाहीत. अंगठा ठेवायचा, सदऱ्याला पुसायचा, परत ठेवायचा. मशीन काही केल्या मानायला तयार नाही. रांगेतले मागचे लोक कुरकुरायला लागले आणि बाबा त्यांचीच माफी मागत होते. ते मी विसरलेले नाही.

आता यंत्राबद्दल बोलते, कारण लगेच कोणीतरी लिहील की हिचा विज्ञानालाच विरोध आहे. विरोध नाही. यंत्र इस्रोचं आहे, उपग्रहावरून चालतं, म्हणजे किनारा मागे पडून मोबाईलच्या काड्या गेल्या तरी संदेश येतो-जातो. फोन ब्लूटूथने त्याला जोडला की हवामानाचा इशारा कळतो, संकटात बटण दाबता येतं, हद्दीजवळ गेलात तर सावध करतं. फुकट बसवून देतात. ओखी वादळाच्या वेळी, २०१७ च्या डिसेंबरात, केरळ आणि तामिळनाडूच्या ६८ बोटी ९५२ माणसांना घेऊन देवगडला लागल्या होत्या, आणि तिकडे गावात बायकामाणसं रडत बसली होती, कारण कोणालाच काही कळायला मार्ग नव्हता. असा डबा असता तर तो आकांत टळला असता. आमच्या डहाणू-तलासरीकडची पोरं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात आणि बोट पकडली गेली की पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षं काढतात. त्यांच्यासाठी हद्दीचा इशारा म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको. झालं, मान्य केलं.

पण दादाच्या जाळ्याचं काय?

ओळखीच्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते. डबा बसायच्या आधीची गोष्ट. रात्री जाळी मारून बोट उभी होती. जाळ्याच्या टोकाला बोया, बोयावर काठी, काठीला लुकलुकणारा दिवा, सगळं रीतसर. मोठं मालवाहू जहाज सरळ जाळ्यावरून गेलं. यांनी टॉर्च मारली, वायरलेसवर ओरडले. वरून कोणी वाकून बघितलंसुद्धा नाही. पहाटे ओढायला घेतलं तर जाळ्याचा एक मोठा तुकडा गायब, आणि उरलेला असा पिळवटलेला की सोडवता येईना. नायलॉनच्या जाळ्याला, दोराला, शिशाला काय पैसे पडतात ते मच्छीमाराच्या घरी विचारा. वहिनीच्या बांगड्या गेल्या त्यात. तक्रार घेऊन दादा एका कार्यालयात गेला, तर पहिला प्रश्न आला, "तुम्ही त्या वेळी तिथेच होतात, याला पुरावा काय?"

पुरावा! समुद्रात काय पंच बोलावून सह्या घ्यायच्या?

मग डबा आला आणि खरं सांगते, दादा खूश होता. म्हणाला, आता कोणी विचारू दे पुरावा. पुढच्याच हंगामात परत जाळं कापलं गेलं. या वेळी तो छाती काढून गेला. अर्ज दिला की माझ्या बोटीची त्या रात्रीची नोंद सही-शिक्क्यानिशी द्या, मी भरपाई मागतो. उत्तर काय मिळालं? ही माहिती सुरक्षेसाठी असते, अशी देता येत नाही. फोनवर ठिपका दिसतो तो बघा. ठिपका! ठिपका घेऊन कोर्टात उभं राहायचं?

म्हणजे आम्ही चुकलो तर हाच डबा साक्षीदार. आमचं कोणी वाटोळं केलं तर तोच डबा मुका. माझं सगळं भांडण एवढ्याच जागी आहे. बोट आमची, डिझेल आमचं, रात्र आमची, त्यावरची नोंद मात्र आमची नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. फुलं उधळली, सत्कार झाले. ठीक आहे. मग शेतकऱ्याला जे मिळतं ते द्या की. शेतकऱ्याकडे सातबारा असतो. तो ई-पीक पाहणीत स्वतः फोनवरून पीक नोंदवतो आणि ती नोंद त्याच्या उताऱ्यावर चढते. नुकसान झालं की तो उतारा काढतो आणि टेबलावर ठेवतो. समुद्राला सातबारा नाही. पिढ्यान् पिढ्या जिथे आम्ही जाळी मारतो तिथे आमच्या नावाचं एक अक्षर नाही. पहिल्यांदाच असं काहीतरी आलंय की ज्यात लिहिलं जातंय, अमुक बोट, अमुक तारीख, अमुक पाण्यात होती. आमचा उतारा आपोआप तयार होतोय आणि तो आम्हालाच बघायला मिळत नाही.

आणि हे मी पालघरमधून लिहितेय, हे ध्यानात घ्या. ३० ऑगस्ट २०२४. पंतप्रधान पालघरला आले होते. त्याच कार्यक्रमात वाढवण बंदराची पायाभरणी, ७६ हजार कोटींचं काम. आणि त्याच कार्यक्रमात देशभरातल्या १ लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवायच्या योजनेचा शुभारंभ, साधारण ३६० कोटींचा. एकाच मांडवात! ज्या पाण्यात भराव टाकायचा त्याच पाण्यातल्या बोटींना डबे. उद्या भरपाईची यादी होईल तेव्हा कोणीतरी गोरागोमटा सल्लागार येऊन विचारणारच, इथे नेमकं कोण मासेमारी करत होतं, किती दिवस, कुठल्या महिन्यात? तेल कंपन्यांचं समुद्रातलं सर्वेक्षण चालू असतं तेव्हाही हाच प्रश्न असतो. आम्ही सांगायचं, आमचे आजे इथेच जाळी मारायचे, आणि समोरच्याने पेन खाली ठेवायचं. डब्यात सगळं आहे. तारखेवार आहे. ते बाहेर का येत नाही, हे मी सांगायला हवं का?

कोणीतरी म्हणेल जगभर असंच आहे. असेल. इंग्लंडने १२ मीटरखालच्या बोटींनाही मोबाईल नेटवर्कवरून दर ३ मिनिटांनी जागा कळवणारं यंत्र सक्तीचं केलं, आणि तिकडचे छोटे बोटवालेही बोंबललेच. दुसऱ्याच्याही पाठीत धपाटा बसला म्हणून माझी पाठ दुखायची राहत नाही.

आणि एलईडीवाले, म्हणजे रात्री झगझगीत दिवे लावून मासे ओढून घेणारे? केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली. राज्याने २०२१ मध्ये कायदा कडक करून दंड लाखांवर नेला. २०२५ च्या जानेवारीपासून ड्रोन फिरतात. तरी हंगामात रात्री आमच्या पोरांना क्षितिजावर उजेड दिसतोच. ज्याला चोरी करायची तो आधी यंत्र बंद करतो, मग दिवे लावतो. जो सरळ आहे तो डबा चालू ठेवून जातो आणि त्याचीच रोज हजेरी लागते. यात साहेबांना चोर कोण वाटतो बघा.

एक गोष्ट आमची माणसं हॉलमध्ये उघड बोलत नाहीत, ती मीच बोलते. तांडेल आपली जागा सख्ख्या भावाला सांगत नाही. कुठे चिखल, कुठे खडक, कुठल्या डोंगराची खूण कुठल्या खुणेवर आली की जाळं टाकायचं, पापलेट कुठल्या पाण्याला मिळेल, हे त्याने आयुष्य घालवून गोळा केलेलं असतं. तीच त्याची पुंजी. आता ती कुठल्यातरी संगणकात जमा होतेय. बघणारा कोण, ठेवणार किती वर्षं, देणार कोणाला, यावर सकाळी एक शब्द नाही. मी विचारलं असतं तर म्हणाले असते, ताई, तुम्ही फार टीव्ही बघता.

(चहा घेऊन आले. वरचं परत वाचलं. राहू दे, काही काढत नाही.)

आईची गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर अन्याय होईल. मागच्या परतीच्या पावसात दादा बाहेर होता. इकडे वारा सुटलेला, आई ओट्यावरून उठायला तयार नाही. दादाच्या फोनवर डब्यावरून वादळाचा इशारा आला, त्याने जाळी गोळा केली आणि बोट फिरवली. पोचल्यावर सांगत होता, हात ओले, खवल्यांनी भरलेले, स्क्रीन काही केल्या ऐकेना, शेवटी एका खलाशाने बनियनला अंगठा पुसून मेसेज उघडला. आईने दुसऱ्या दिवशी बोटीवर जाऊन त्या डब्याला हळद-कुंकू वाहिलं. दादा ओरडला, आये, वायरीत पाणी जाईल! तिने नारळ मात्र बाहेर फोडला, तेवढं ऐकलं त्याचं.

तर असं आहे. माझ्या आईने ज्याची पूजा केली ते यंत्र काढून टाका, असं मी कशी म्हणेन? उलट लावा, प्रत्येक बोटीवर लावा. २०२५ च्या नोव्हेंबरातल्या नव्या नियमांनी खोल समुद्रासाठी ते नियमातच आणलंय, म्हणजे आता ते जाणारही नाही. म्हणूनच आत्ता बोलायला हवं, एकदा वहिवाट पडली की कोण ऐकतं. दादाच्या त्या रात्रीची नोंद त्याने मागितली की ठरलेल्या मुदतीत, शिक्का मारून, त्याच्या हातात पडली पाहिजे. वरून कोणतं जहाज गेलं तेही त्याला कळलं पाहिजे, कारण मोठ्या जहाजांवरही जागा सांगणारी यंत्रं असतातच. आणि त्याची नोंद बाहेरच्या कोणाला द्यायची असेल तर आधी त्याला विचारलं पाहिजे. यात देशाच्या सुरक्षेला कुठे धक्का लागतो ते मला कोणीतरी शांतपणे समजावून सांगा. आत्ता नको, उद्या. आज मी शांत नाही.

दादा म्हणतो, जाऊ दे, नवं जाळं विणायला टाकलंय, सोड विषय. तो सोडेल, त्याला परवा समुद्रात जायचंय. मला नाही जायचं, त्यामुळे मला वेळ आहे.

उद्या दुपारी सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज टाइप करणार आहे, चेअरमननी हो म्हटलंय. त्याच्या जोडीने माहितीच्या अधिकारातही नोंद मागायची आहे, पण अर्जात प्रश्न कसा लिहिला म्हणजे सुरक्षेचं कारण सांगून परत पाठवता येणार नाही, ते मला कळत नाही. माझ्या मित्रयादीत चार-पाच वकील आहात, रोज सकाळी फुलांचे फोटो टाकता. त्यातल्या कोणी जहाजाने जाळं कापल्याची भरपाई लढवली असेल, किंवा लढवणारा माहीत असेल, तर उद्या बाराच्या आत फोन करा. मेसेंजर मी बघत नाही.