मासळीच्या ताटाबद्दल आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पणजीतल्या एका खाणावळीत जुलै महिन्यात जेवलेल्या मासळीच्या ताटाविषयी मी जे लिहिले, त्यावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली आणि मगच उत्तर लिहायला बसलो. इतर वाचकांसाठी तिचा सारांश आधी देतो. आपले म्हणणे असे, की मी तिथे एकदाच जेवलो आणि तेही मासेमारी बंद असण्याच्या दिवसांत, सोलकढीचे वेगळे पैसे लावतात हे मी चुकीचे लिहिले, माझ्यासारखे लोक फुकट जेवून वर नावे ठेवतात, जेवण आवडले नाही तर मालकाला बाजूला घेऊन सांगावे, चव्हाट्यावर मांडू नये, आणि शेवटी, आपल्याच शब्दांत, "ज्यांनी आयुष्यात चार माणसांना रांधून वाढले नाही, त्यांनी दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊ नये."

सोलकढीबद्दल आपले बरोबर आहे. मी बिल पुन्हा काढून पाहिले. ते ४० रुपये पाण्याच्या बाटलीचे होते आणि सोलकढी ताटाबरोबरच आली होती. ही चूक माझी, आणि ती मी मान्य करतो. तेच बिल समोर आहे म्हणून फुकट जेवण्याच्या आरोपाचेही उत्तर देऊन टाकतो: प्रत्येकी ३२० रुपयांची दोन ताटे, ४८० रुपयांचा तळलेला विसवण (सुरमई), ४० रुपयांचे पाणी, त्यावर ५ टक्के जीएसटीचे ५८ रुपये, असे १,२१८ रुपये मी रोख मोजले. २०२२ पासून प्रत्येक बिलावर खाद्य परवान्याचा १४ अंकी क्रमांक छापणे बंधनकारक आहे, तोही या बिलावर आहे. गेली नऊ वर्षे मी गोव्यातल्या खाणावळींविषयी लिहितो आहे आणि या नऊ वर्षांत एकाही ठिकाणी पैसे न देता उठलेलो नाही. कुणी आग्रहाने एखादी वाटी जास्त वाढली, तर तिचेही पैसे लावायला सांगतो. आपण मला ओळखत नाही, तेव्हा हे आपल्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण ठाऊक नसताना "फुकट" हा शब्द वापरण्याआधी एकदा विचारायला काय हरकत होती?

मतभेदाला माझी हरकत कधीच नव्हती. ताळगावातली एक तिसऱ्यांची (शिंपल्यांची) सुकी मला कोरडी वाटली, तेव्हा चार वाचकांनी ती तशीच असायला हवी असे मला समजावून सांगितले आणि मी ते ऐकले. पण त्या चौघांनी माझ्या आयुष्याविषयी निवाडा दिला नव्हता. आपण दिला आहे. चार माणसांना रांधून वाढले नाही, हे आपण कशावरून ठरवले? माझ्या कोणत्या वाक्यावरून? या एका ओळीने मला जितके दुखावले तितके बाकीच्या प्रतिक्रियेने दुखावले नाही, म्हणून तिच्याविषयी जरा विस्ताराने लिहितो.

माझ्या आईने १९८४ ते २००३ अशी एकोणीस वर्षे म्हापशात खाणावळ चालवली. तीन लांब बाके, त्यांवर फार तर चौदा माणसे, मागे लाकडाची चूल आणि चुलीच्या बाजूला रगडा. पहाटे चार वाजता त्या रगड्याचा आवाज सुरू व्हायचा. खोबरे, सुक्या मिरच्या, धणे, हळद आणि चिंच एकत्र वाटताना आई मध्येच दोन बोटांत वाटप घेऊन चोळून बघायची आणि कण लागला तर पुन्हा फिरवायची. वडील बाजारातून मासळी घेऊन यायचे आणि बांगडा असेल तर तिरफळे ठेचून ठेवण्याचे काम धाकट्या बहिणीचे असायचे. आदोळीवर बसून नारळ खवण्याचे काम मी दहा वर्षांचा असल्यापासून माझ्याकडे होते. शाळेत जाण्याआधी सहा नारळ, आणि शुक्रवारी बारा, कारण शुक्रवारी म्हापशाचा आठवड्याचा बाजार आणि त्या दिवशी पेडणे, डिचोली, कुठून कुठून आलेली माणसे दारात उभी. सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण: अळसांद्याचे तोणाक किंवा मुगागाठी. बारावीपर्यंत मी पानेही वाढली, पाणीही वाढले आणि खरकटीही काढली. तेव्हा चारच काय, दिवसाला साठ माणसांना वाढण्याचा अनुभव या हातांना आहे, हे आपल्याला नम्रपणे कळवतो.

त्याच खाणावळीतला एक प्रसंग इथे सांगणे मला भाग आहे. १९९१ सालचा एक शुक्रवार होता. सरकारी कचेरीत कारकुनी करणारे एक गृहस्थ आमच्याकडे रोज दुपारी जेवत. त्या दिवशी त्यांनी शितावर, म्हणजे भातावर, हुमण (खोबऱ्याच्या वाटपातले माशाचे कालवण) ओतले, पहिला घास घेतला आणि हात ताटातच थांबवून, बाके भरलेली असताना, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, "वहिनी, आजच्या हुमणाला खवट वास आहे." सगळ्या माणसांचे हात थांबले. वडिलांचा चेहरा उतरला. आई चुलीपुढून उठली, पदराला हात पुसत बाहेर आली, तिने त्यांच्याच वाटीतले थोडे हुमण तळहातावर घेऊन चाखले आणि काही न बोलता आत गेली. आत येऊन तिने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली, कारण सकाळी एका नारळाला वास येतो आहे हे मला खवतानाच कळले होते आणि शाळेला उशीर होतो म्हणून मी तो तसाच खवून दिला होता. आईने दोन्ही कानांना धरून ते पातेले उचलले आणि मागच्या माडाच्या बुंध्याशी रिकामे केले. मग सोले (कोकमे) भिजत घालून फुटी कढी, म्हणजे नारळाशिवायची कढी, केली, होते नव्हते ते बांगडे तळले आणि त्या दुपारी कुणाकडूनही पैसे घेतले नाहीत. तो गृहस्थ खाणावळ बंद होईपर्यंत आमच्याकडे जेवत होता.

आता मला सांगा, त्या कारकुनाने कधी चूल फुंकली होती? त्याच्या घरी त्याला चहासुद्धा करता येत नसे, हे त्याची बायकोच आईला सांगायची. तुमच्या नियमाप्रमाणे त्याने गप्प बसून तो खवट घास गिळायला हवा होता. आणि त्याने ते आईच्या कानात सांगितले नाही, भरल्या खोलीत सांगितले, कारण बाकीच्यांच्या ताटातही तेच हुमण होते. आमच्या पोटावर त्या दिवशी कुणी पाय दिला असेल तर तो मी दिला होता, खवट नारळ खवून. रांधणाऱ्यालाच बोलण्याचा हक्क आहे असे म्हणणाऱ्या माणसाने एक तर खाणावळ आतून पाहिलेली नसते, किंवा पाहिलेली असली तरी तिथे जेवायला येणाऱ्याला तो माणूस मानत नाही. हे कठोर वाटेल. तुमचे वाक्य मला याहून कठोर वाटले होते.

पोटाचाच प्रश्न काढला आहे तर तो पुरा करू. पणजीत, फोंड्यात, मडगावात आजही काही खाणावळी आहेत जिथे रोज ताजे खोबरे वाटले जाते. नारळ महाग, वाटायला माणूस मिळत नाही, विसवणाचा भाव तर विचारायलाच नको. हे सगळे सोसून ती माणसे तीनशे-साडेतीनशे रुपयांत ताट देतात. त्यांच्या शेजारी कुणी कालचे वाटप फ्रीजमधून काढून, आठवडाभराच्या तेलात मासा तळून त्याच भावात ताट देत असेल आणि आपण दोघांविषयीही "गोव्याचे जेवण छानच" एवढेच म्हणत राहिलो, तर नुकसान कुणाचे होते? ताजे खोबरे वाटणाऱ्याचे. त्याचे पोट तुमच्या हिशेबात कुठेच नाही. गोव्याबाहेरून आलेला माणूस त्या दुसऱ्या ताटावरून आमच्या हुमणाची चव ठरवून जातो, याचे मला जे दुःख होते ते तुम्हाला होत नसेल, तर आपण एका विषयावर बोलतच नाही आहोत.

मी काय लिहिले होते तेही पुन्हा पाहा, कारण तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा एकही शब्द नाही. मी लिहिले होते की सुक्या जवळ्याची किसमूर ओली होती. किसमूर म्हणजे भाजलेला जवळा, खोबरे, कांदा, मिरची आणि थोडा आंबटपणा. कांद्याला आणि खोबऱ्याला पाणी सुटते म्हणून ती वाढण्याच्या वेळी कालवायची असते, म्हणजे जवळा दाताखाली कुरकुरतो. माझ्या ताटातली किसमूर चमच्याने उचलली तर ताटात पाणी राहत होते, म्हणजे ती सकाळीच कालवून ठेवलेली होती. मी लिहिले होते की विसवणाच्या रव्याखालचे कातडे काळपट होते आणि तेलाचा वास हाताला संध्याकाळपर्यंत राहिला. मी लिहिले होते की सोलकढी गडद गुलाबी आणि वरपासून खालपर्यंत एकसारखी होती. नारळाच्या दुधाची कढी थोडा वेळ ठेवली की वर दाट थर धरते आणि खाली पाणी दिसू लागते, ती मी अर्धा तास समोर ठेवून पाहिली आणि तिला काहीच झाले नाही. यातले काय खोटे आहे? ते सांगा, मी दुरुस्त करीन. मालकाविषयी, त्याच्या घराविषयी, वाढणाऱ्या मुलाविषयी मी अवाक्षर लिहिलेले नाही. उलट तो मुलगा न मागता दुसऱ्यांदा शीत घेऊन आला, हे मी मुद्दाम लिहिले होते, आणि ते तुम्ही वाचलेलेच दिसत नाही.

मासेमारी बंदीविषयी थोडक्यात. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना समुद्रात जाता येत नाही, हे गोव्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्या दिवसांत बर्फातला किंवा बाहेरून आलेला विसवण मिळणार हे गृहीत धरूनच मी तो मागवला होता आणि माशाच्या ताजेपणाविषयी मी एक शब्दही लिहिलेला नाही. नदीतला शेवटा, काळुंदर, तिसऱ्या या दिवसांतही मिळतात, पण तो निराळा विषय. शिळ्या तेलाचा आणि ओल्या किसमुरीचा बंदीशी काय संबंध? २०१८ च्या जुलैत मडगावच्या घाऊक मासळी बाजारात मासळीत फॉर्मेलिन हे रसायन असल्याच्या संशयावरून गदारोळ उठला आणि बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदी घालावी लागली, तेव्हा घराघरांत लोक ताटातल्या तुकडीकडे संशयाने बघत होते. तेव्हाही कुणी म्हणाले नव्हते की धंद्याचे नुकसान होते म्हणून हा विषय काढू नका.

एकदाच जेवलो, हे खरे. मी ज्या खाणावळींचे कौतुक केले, त्यांतल्या बहुतेक ठिकाणीही मी लिहिण्याआधी एकदाच जेवलो होतो आणि त्या वेळी तुम्ही किंवा अन्य कुणीही हा आक्षेप घेतला नाही. यापलीकडे या मुद्द्यावर मला काही म्हणायचे नाही.

मालकाला का सांगितले नाही, असे विचारता. सांगितले होते. बिल देताना गल्ल्यावर बसलेल्या गृहस्थाला किसमुरीविषयी आणि तेलाविषयी शांतपणे सांगितले. त्यांनी सुटे पैसे मोजता मोजता, मान वर न करता, "सगळे खातात" एवढेच उत्तर दिले. हे मी मूळ लेखात त्यांच्यावर राग दिसू नये म्हणून वगळले होते. आता तुम्ही विचारलेच आहे म्हणून लिहिले. तुमचे त्या खाणावळीशी काही नाते आहे का, हे मी विचारणार नाही, पण मी किती वाजता आलो, कुठल्या टेबलावर बसलो हेही तुमच्या प्रतिक्रियेत आले आहे आणि ते मी माझ्या लेखात कुठेच लिहिले नव्हते, याची नोंद इथे करून ठेवतो.

सोलकढीच्या पैशांचे वाक्य आज सकाळी मूळ लेखातून काढले आहे आणि खाली दुरुस्तीची तारीख घातली आहे. किसमूर, तेल आणि सोलकढीच्या रंगाविषयीची वाक्ये आहेत तशीच राहतील. आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. चतुर्थीनंतर मी त्याच खाणावळीत पुन्हा जाणार आहे, आधी न कळवता, आणि ताट तेच मागवीन. किसमूर कोरडी असली तर तसे लिहीन.