आईने सायकल कशी चालवावी, घरच्यांना तसदी न देता

आईने सायकल चालवायला हल्ली कोणाची हरकत नसते. सासूबाई भिशीत अभिमानाने सांगतात, नवरा फोटोला अंगठा देतो, मुलगा ‘माझी आई’ निबंधात एक वाक्य वाढवतो. हरकत असते ती एवढ्याचीच, की तेवढा वेळ तुम्ही घरात नसता. ही एक अडचण दूर केली की आई आणि सायकल यांचं उत्तम जमतं. ती दूर करण्याची रीत पुढे देत आहोत.

आधी हिशोब. स्वारगेटच्या आसपास राहणाऱ्या बाईला खडकवासला धरण जाऊन-येऊन साधारण ३५ किलोमीटर पडतं. ताशी १८च्या वेगाने दोन तास. सिग्नल, धरणाजवळचा चहा आणि मैत्रिणीची सटकलेली साखळी धरून अडीच. रविवारी पाचला निघालात तर साडेसातला परत. आठला घर उठेल तेव्हा तुम्ही आंघोळ करून ओट्यापाशी उभ्या. याला घरात ‘ती सकाळी जरा चक्कर मारून येते’ असं म्हणतात. हेच अंतर नवऱ्याने मारलं तर ‘तो फिटनेसबद्दल फार सिरियस आहे’ असं म्हणतात. सायकलच्या ॲपमध्ये ‘मूव्हिंग टाइम’ नावाची सोय असते, ती थांबलेला वेळ वगळते. घरी ती दाखवू नका. घरचं घड्याळ तुम्ही दाराला कडी लावल्यापासून सुरू होतं आणि आंघोळ होईपर्यंत थांबत नाही.

तयारी आदल्या रात्रीची. कणीक मळून वरून तेलाचा हात फिरवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये टाका. तेल लावायचं राहिलं तर वरचा थर काळा पडतो आणि ‘आज पोळ्या अशा का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘सायकल’ असं निघतं. पोह्यांसाठी कांदा-मिरची चिरून ठेवा. पोहे मात्र भिजवू नका, सकाळपर्यंत लगदा होईल. हे सगळं रात्री अकरापर्यंत आटपलं की शांत झोपा. चार वीसला उठायचं आहे.

घराबाहेर पडणं हे सगळ्यांत नाजूक काम. मागच्या चाकाच्या मध्यभागी असलेल्या फ्रीहबमध्ये स्प्रिंगवर बसवलेल्या बारीक खिट्ट्या असतात. पॅडल थांबलेलं आणि चाक पुढे जात असलं की त्या आतल्या दात्यांवरून कट-कट-कट करत सरकतात. दिवसा हा आवाज कानाला गोड लागतो. पहाटे पावणेपाचला बंद फ्लॅटच्या पॅसेजमध्ये तोच आवाज तीन वर्षांच्या मुलाला थेट ‘आई, कुठे चाललीस?’पर्यंत आणून सोडतो. म्हणून सायकल ढकलू नका. सीट धरून मागचं चाक अधांतरी उचला आणि पुढच्या चाकावर तिला दारापर्यंत न्या. काही जणी फ्रीहबमध्ये जाड ग्रीस ठासून आवाजच मारून टाकतात. ते करू नका. थंडीत ग्रीस घट्ट होऊन खिट्ट्या चिकटतात आणि भर चढावर पॅडल मोकळं फिरतं. क्लीटचे, म्हणजे पॅडलमध्ये अडकणाऱ्या तळाचे, बूट हातात घ्या, लिफ्टपाशी घाला. लिफ्ट लहान असेल तर मागचा ब्रेक दाबून सायकल मागच्या चाकावर उभी करा आणि तिची उजवी बाजू भिंतीला लागू देऊ नका. गिअर बदलताना साखळी सरकवणारा मागचा डिरेल्युअर तिथे असतो. तो ज्याला टांगलेला असतो तो हँगर जरासा वाकला, तरी सगळ्यात हलक्या गिअरवर साखळी स्पोकमध्ये शिरू शकते.

जानेवारीत पुण्यात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, म्हणजे जाताना सगळी वाट अंधाराची. पुढे पांढरा दिवा, मागे लाल, अंगात रिफ्लेक्टिव्ह जाकीट. मागचा दिवा रात्रीच चार्जिंगला लावा आणि लावताना चार्जरवरून कोणाचा मोबाइल काढावा लागला हे लक्षात ठेवून तो परत लावा. नाहीतर त्या मोबाइलची बॅटरी आठवडाभर ‘तुझ्या सायकलमुळे’ उतरत राहील.

आता फोन. तो येणारच आणि चढावर येणार, कारण धरणापुढे सिंहगडाकडे निघालात तर घाट लागायची वेळ आणि घरात पहिली जाग यायची वेळ छान जुळते. प्रश्न साधारण ठरलेले आहेत. जिरं कुठे आहे? मोहरीच्या शेजारी, लग्नापासून. दूध उतू गेलं, आता काय करू? गॅस बंद करा. तू कधी येणार? काही नाही, सहज विचारलं. हे प्रश्न टाळायचा मार्ग नाही. पण उत्तर देण्यासाठी थांबायचं तंत्र आहे. थांबण्याआधी गिअर हलका करा. गिअर साखळी फिरत असतानाच बदलतो, उभ्या सायकलवर नुसता खटका दाबून काही होत नाही. भारी गिअरवर थांबलात, की पुन्हा निघताना पॅडल हलत नाही, सायकल जागेवर डुगडुगते आणि एक बूट क्लीटमध्ये अडकलेला असल्याने तुम्ही त्याच अंगावर सावकाश आडव्या होता. फोन चालूच असतो. पलीकडून ‘सापडलं, सापडलं’ असं ऐकू येतं. क्रम चुकलाच असेल तर सायकल कडेला घ्या, मागचं चाक उचला, खटका दाबा आणि हाताने पॅडल दोन-चार वेळा पुढे फिरवा. साखळी मोठ्या चकतीवर चढते. त्यापेक्षा बरण्यांना लेबलं लावा, असं कोणी सुचवेल. लावून पाहा. मग ‘लेबल कुठल्या बाजूला आहे’ असा फोन येतो.

पाय आणि पाठ यांची चिंता करू नका, ती घरकामाने आधीच कमावलेली असतात. दुखते ती बैठक. उपाय म्हणून घरचे जेलचं मऊ मऊ कव्हर भेट देतात. ते प्रेमाने स्वीकारा आणि पाटाखाली घाला. मऊ गादीत बसकणीची हाडं रुततात आणि सगळा दाब मधल्या नाजूक भागावर येतो, त्यामुळे तासाभरात अधिक दुखतं. हवी असते ती आपल्या हाडांच्या रुंदीला बेतलेली, बरीचशी घट्ट सीट आणि पॅडची शॉर्ट. ती शॉर्ट आतल्या कपड्याशिवाय घालायची असते. आत शिवण आली की ती घासते आणि कातडी सोलवटते. उलटी करून गार पाण्यात धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर टाकू नका, सावलीत वाळवा. सावली म्हणजे टॉवेलच्या मागची. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंना ती दिसली तर हे काय आहे ते सासूबाईंना सांगावं लागेल, आणि सासूबाई आजवर ते विचारायचं टाळत आल्या आहेत.

सीटची उंची: टाच पॅडलवर, पॅडल सगळ्यात खाली, गुडघा जेमतेम सरळ. एकदा जमली की सीटच्या दांड्यावर इन्सुलेशन टेपचा वेढा मारून खूण करा. कारण वर्षातून एकदा घरातलं कोणीतरी कोथिंबीर आणायला ती सायकल नेतं, सीट चार बोटं वर किंवा खाली करतं आणि तशीच ठेवतं. अंधारात ते कळत नाही, पंधरा किलोमीटरनंतर गुडघ्याला कळतं. दुखणं गुडघ्यात पुढून असेल तर सीट बहुतेक खाली गेली आहे, मागून असेल तर वर. घरी सांगितलंत तर निदान एकच मिळतं: वयानुसार होतंच.

सायकलची किंमत सांगताना निम्मी सांगा. सुटे भाग घ्यायची वेळ आली की ‘सर्व्हिसिंग’ हा शब्द वापरा, त्यात सगळं बसतं. साखळी मात्र वेळेवर बदला. बारा इंची पट्टी पिन ते पिन धरा; बारा जोड्या बरोबर बारा इंच भरल्या तर ठीक. एक-सोळांश इंच जास्त भरल्या तर नव्या साखळीची वेळ झाली, आणि एक-अष्टमांश भरल्या तर मागच्या चकत्याही गेल्या, म्हणजे ‘सर्व्हिसिंग’चा आकडा तिप्पट. तेलाच्या बाबतीत घरातून सल्ले येतील. खोबरेल फुकट आहे, पण पुण्याच्या थंडीत ते साखळीवरच गोठतं आणि एरवी धूळ धरून काळी पेस्ट बनवतं. शिलाई मशीनचं तेल पहिल्या पावसात धुऊन जातं. साखळीचंच तेल आणा, प्रत्येक कडीवर एक थेंब, पाच मिनिटं थांबा, मग जुन्या बनियनने पुसून कोरडं करा. बनियन खरोखर जुना आहे याची खात्री बनियनच्या मालकाकडून करून घ्या.

सायकलला कॅरियर बसवू नका. बसवलात त्या संध्याकाळी दळण तुमच्याकडे येईल. ‘तू नाहीतरी जातेसच’ या वाक्याला सायकलिंगच्या साहित्यात अजून तोड सापडलेली नाही. जर्सीला पाठीमागे तीन खिसे असतात, त्यांचाही गवगवा करू नका. डावीकडे फोन, मध्ये ट्यूब आणि टायर लिव्हर, उजवीकडे चिक्की. येताना चिक्कीच्या जागी मेथीची जुडी बसते. रिकाम्या हाताने परत येण्यापेक्षा ती बरी, कारण मेथी आणली की अडीच तास ‘भाजीला गेली होती’ या खात्यात जमा होतात. दूध आणू नका. अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्यांनी जर्सी मागून मांडीपर्यंत ओघळते, शिवाय एक तरी पिशवी फुटते.

स्वच्छतागृहाचं उघडपणे कोणी लिहीत नाही, म्हणून लिहितो. पुरुषांचा मार्ग नकाशाने ठरतो, बायकांचा पेट्रोल पंपांनी. पंपावर हवा आणि स्वच्छतागृह मोफत असायला हवं असा नियम आहे. स्वच्छतागृह असतंही. किल्ली मॅनेजरकडे असते आणि मॅनेजर नऊला येतो. यावर बायकांनी शोधलेला उपाय म्हणजे पाणी न पिणं. उन्हाळ्यात तासाला निदान अर्धा लिटर पाणी हवं. ते टाळल्याने दुपारी डोकं ठणकतं आणि ‘झेपत नाही तर कशाला करतेस’ हे वाक्य आयतं मिळतं. खांद्यावर पट्टे असलेली बिब शॉर्ट या बाबतीत आणखी एक गंमत करते: ती उतरवायची तर आधी जर्सी काढावी लागते. मागून उघडणारी मिळते, महाग असते. ‘सर्व्हिसिंग’.

मुलाला बरोबर नेलं तर कोणी काही बोलत नाही, उलट कौतुक होतं. वर्षाच्या आतलं मूल नेऊ नका. वर्षानंतर मागच्या बाजूची चाइल्ड सीट चालते. तिच्यावर किती किलोपर्यंत ते छापलेलं असतं, बहुतेक सीटना २२. पट्टा आणि पायाशी स्पोक-गार्ड असल्याशिवाय बसवू नका, मुलांचे पाय चाकातच सापडतात. स्टँडवर लावलेल्या सायकलवर मूल बसवून क्षणभरही हात सोडू नका. मूल दहाव्या मिनिटाला झोपेल आणि मान लटकेल, तेव्हा परत फिरा. ते स्वतःची सायकल शिकू लागलं की साइडची चाकं लावू नका. पॅडल काढा, सीट इतकी खाली घ्या की दोन्ही तळवे जमिनीला टेकतील, आणि पायांनी ढकलत तोल शिकू द्या. डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. हे माहीत नसलेला बाबा ते आयुष्यभरासाठी घट्ट करून ठेवतो आणि सायकलच खराब निघाली म्हणतो.

हे सगळं जमलं की एखादीला २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेचे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब सायकलफेरीचे, डोहाळे लागतात. वेळ मिळते १३ तास ३० मिनिटं, म्हणजे ताशी पंधराहूनही कमी. सायकलच्या दृष्टीने फार अवघड नाही. वाटेत कंट्रोल, म्हणजे तपासणीचे थांबे, असतात. प्रत्येकाची उघडायची आणि बंद व्हायची वेळ ठरलेली, त्या दरम्यान पोहोचून नोंद करायची. आयांना याची सवय असते: दूध, डबा, शाळेची रिक्षा, क्लास. फरक इतकाच, की घरच्या कंट्रोलना नुसती बंद व्हायची वेळ असते. आणि ब्रेव्हेत बाहेरची मदत कंट्रोलवर तरी घेता येते. त्या दिवशी मुलं बाबाकडे राहतील. तो त्यांना मॅगी देईल, टीव्ही लावून देईल, आणि संध्याकाळपर्यंत सबंध सोसायटी म्हणेल, ‘किती करतो हो बिचारा!’ तुम्ही २०० किलोमीटर करून आलात हे त्या चर्चेत सांगू नका, बरं दिसत नाही.

उदाहरण हवंच असेल तर ॲनी कोप्चोव्स्कीचं घ्या. बॉस्टनची ही बाई जून १८९४ मध्ये तीन लहान मुलं नवऱ्याकडे सोपवून सायकलने जगप्रवासाला निघाली आणि सप्टेंबर १८९५ मध्ये शिकागोला पोहोचली. लंडनडेरी नावाच्या पाण्याच्या कंपनीने १०० डॉलर दिले म्हणून तिने आडनावही तेच लावून घेतलं. बरंचसं अंतर तिने बोटीने काटलं, अशी टीका आजही होते. पंधरा महिन्यांची कणीक मळून ठेवली होती का, हे कोणी विचारत नाही. मुलांना हे उदाहरण सांगायला हरकत नाही. सासूबाईंना फक्त बोटीचा भाग सांगा.

शेवटची सूचना नवऱ्याविषयी. त्याला सायकलची गोडी लागू देऊ नका. लागली की महिन्याभरात तुमच्याहून दुप्पट किमतीची कार्बनची सायकल येते, तिची किंमत निम्मी सांगावी लागत नाही, आणि ती हॉलमध्ये उभी राहते. पहाटे साडेपाचला तो घरभर दिवे लावून मोजे शोधतो, बाटलीत पाणी भरून मागतो आणि फ्रीहब वाजवत बाहेर पडतो. मूल उठतं. कोणीतरी घरी असायला हवं असतं, त्यामुळे रविवार त्याचा होतो. तुम्ही मंगळवार घ्या. मंगळवारी खडकवासल्याला गर्दी नसते, आणि शाळेची रिक्षा सात दहाला येत असल्याने साडेतीनला निघालात तरी पुरतं.