सळई चिनी नाही, आणि कारखानेही बंद पडलेले नाहीत

कळंबोलीच्या लोखंड बाजारापासून खारघरच्या सोसायट्यांच्या ग्रुपपर्यंत सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: भारत आता पोलाद विकत नाही, विकत घेतो, कारण आपले कारखाने बंद पडत चाललेत. येणारा सगळा माल चीनचा. तीच हलकी सळई नवी मुंबईच्या टॉवरांत भरली जाते. आयात बंद करा, लोखंड लगेच उतरेल. मी याच बाजारात बसतो. मेसेज पाठवणारे आपलेच लोक आहेत आणि त्यांची काळजी खरी आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

कारखान्यांचं आधी. 2018 मध्ये भारतानं जपानला मागे टाकलं आणि तेव्हापासून पोलाद उत्पादनात आपण जगात दुसरे आहोत. 2024 मध्ये जगाचं उत्पादन 188 कोटी टनांच्या आसपास होतं. चीनचं आदल्या वर्षीपेक्षा घटून साधारण 100 कोटी टनांवर आलं, आपलं वाढून 15 कोटींच्या घरात गेलं. एक मोठा कारखाना तर आपल्या शेजारीच, पेणजवळच्या डोलवीला आहे. त्याची क्षमता 2021च्या सुमारास दुप्पट होऊन वर्षाला 1 कोटी टनांवर गेली.

मग आयात निर्यातीपेक्षा जास्त कशी? ती झाली हे खरं आहे. 2023-24 मध्ये तयार पोलादाची आयात सुमारे 83 लाख टन होती आणि निर्यात 75 लाख. 2024-25 मध्ये आयात 95 लाखांवर गेली, निर्यात 49 लाखांवर आली. पण 2021-22 मध्ये आपण 135 लाख टन निर्यात केली होती. मे 2022 मध्ये केंद्र सरकारनं 15 टक्के निर्यात शुल्क लावलं. ते नोव्हेंबरमध्ये उठलं, पण बाहेरची तुटलेली गिऱ्हाइकं शुल्क उठल्याच्या दुसऱ्या दिवशी परत येत नाहीत. त्यात परदेशात भाव पडलेले आणि देशात रस्ते, मेट्रो, घरं यांची मागणी जोरात. मिलवाल्यांनी माल इथेच विकला. 2024-25 मध्ये देशाचा वापर 15 कोटी टनांवर होता; त्यात आयात शंभर टनांमागे सहा टन.

‘सगळा माल चीनचा’ हेही चूक. 2024-25 मध्ये सर्वांत जास्त माल दक्षिण कोरियातून आला, चीन त्यामागे, मग जपान. कोरिया आणि जपानशी आपले व्यापार करार आहेत, त्यामुळे त्यांच्या बहुतेक मालावर मूळ सीमाशुल्क लागत नाही. तो माल हलका म्हणणंही अन्यायाचं आहे. गाड्यांच्या बॉडीचा पत्रा त्यातून बनतो, आणि ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचा खास पत्रा तर आपण बहुतांश बाहेरूनच आणतो.

आता सळई. घर घेणाऱ्या माणसाला घाबरवणारा मुद्दा हाच आहे. आयात होतो तो मुख्यतः चपटा माल: एचआर, सीआर कॉइल (गरम किंवा थंड लाटलेल्या पत्र्याची गुंडाळी), प्लेट, गॅल्व्हनाइज्ड पत्रा. बांधकामाची सळई हा लांब माल, आणि ती जवळजवळ सगळी देशातच बनते. आपल्याकडे येणारी बरीचशी जालन्याच्या रोलिंग मिलची असते, भंगार आणि स्पंज आयर्न (खनिजापासून न वितळवता काढलेलं लोखंड) वितळवून बिलेट म्हणजे चौकोनी दांडा, बिलेटपासून सळई. साइटवर गाडी उतरली की एक सळई हातात घ्या आणि तिच्या अंगावरच्या उठावाच्या कडांच्या मधला भाग अंगठ्यानं पुसा. गंजाखाली कंपनीची खूण आणि ग्रेड, उदाहरणार्थ एफई 500 डी, ठराविक अंतरावर उमटलेला दिसेल. तो नसेल, किंवा बंडलाच्या टॅगवरचा हीट नंबर (भट्टीच्या ज्या घाण्यातून माल निघाला त्याचा नंबर) टेस्ट सर्टिफिकेटशी जुळत नसेल, तर गाडी परत पाठवा. सळईत खोट असूच शकत नाही असं मी म्हणत नाही. वजनात कमी, ग्रेडमध्ये खोटी सळई बनते, पण ती इथेच बनते. चीनकडे बोट दाखवत बसलो तर ती हातून निसटते.

चीनचा दबाव मात्र खरा आहे. तिथलं घरबांधणीचं क्षेत्र 2021 पासून कोसळलं, मागणी गेली, भट्ट्या चालूच राहिल्या. 2024 मध्ये चीननं 11 कोटी टन पोलाद बाहेर विकलं, 2015 नंतरचा हा सर्वांत मोठा आकडा. 2025 मध्ये अमेरिकेनं पोलादावरचं शुल्क आधी 25 आणि मग 50 टक्के केलं. दारं बंद झालेला माल दुसरं बंदर शोधतो. आपल्याकडे आयात शंभरात सहा टनच असली तरी देशातल्या पत्र्याचा भाव त्या सहा टनांकडे बघून ठरतो: बाहेरची कॉइल शुल्कासकट बंदरात कितीला पडते, हे बघूनच मिल आपला आकडा काढते.

म्हणून आयात बंद केली की लोखंड उतरेल, हे गणित उलटं आहे. एप्रिल 2025 मध्ये केंद्रानं बाहेरून येणाऱ्या चपट्या मालावर 12 टक्के जादा शुल्क, म्हणजे संरक्षण शुल्क लावलं, तेच मुळी पडलेले भाव सावरावेत म्हणून. मिलना त्याची गरज होती, हे मला मान्य आहे. पण तळोज्यात किंवा वागळे इस्टेटमध्ये पत्रा वाकवून पॅनल आणि रॅक बनवणाऱ्याची ऑर्डर जुन्या भावात घेतलेली असते आणि कॉइल नव्या भावात उचलावी लागते. मोठ्या कंपनीचा मिलशी वर्षाचा करार असतो. हा डेपोतून दोन-तीन टन नेणारा माणूस. मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर या माणसाला मिलच्या भावात माल मिळावा, अशी मागणी त्यात लिहा.